पांधणीवरून सायकल



मी देवळीचा. वर्ध्याहून यवतमाळकडे निघालं की सुमारे १८ किलोमीटरवर लागणारं आमचं गाव. कापसाचं गाव, मिरननाथ महाराजांच्या मंदिराचं गाव. आज मला तुमच्याशी सायकलीच्या वाटांबद्दल बोलायचं आहे. मागून ट्रकचा हॉर्न नाही, शेजारून बस अंगावर येत नाही, अशी वाट सायकलवाल्याला मिळू शकते का? फ्रान्समध्ये मिळते. खेड्यापाड्यांतून, द्राक्षमळ्यांतून, नदीकाठानं शेकडो किलोमीटर मिळते. माझं म्हणणं असं, की देवळी तालुक्यातही ती मिळू शकेल. त्यासाठी फार मोठं काही उभारावं लागणार नाही, कारण वाटा इथे आधीपासून आहेत.

आधी आपल्या मोठ्या रस्त्याचं बोलू. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग देवळीजवळून जातो. तो चौपदरी झाला, यवतमाळ-नांदेड जवळ आलं, हे चांगलंच झालं. पण सायकलवाला त्यावर परका झाला. भरधाव ट्रक शेजारून गेला, की त्याच्या वाऱ्यानंच हँडल थरथरतं. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर सायकलच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही. मोठे रस्ते वाढले आणि दोन पायांनी चालणाऱ्या वाहनाची जागा आक्रसत गेली. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं. योजना फार मोलाची आहे. पण मुलीला सायकल मिळाली, तरी ती निर्धास्तपणे चालवायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

फ्रान्समध्ये हाच प्रश्न होता. तिथल्या बरगंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी अशी एक रेल्वे होती. ती बंद पडली, रूळ निघाले, झुडपं माजली. १९९७ साली त्या रेल्वेच्या भरावावर ४४ किलोमीटरची वाट तयार झाली. मोटारींना मज्जाव; चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी ती राखलेली. फ्रान्समधली ही अशा प्रकारची पहिली वाट. रेल्वेला चढ फार चालत नाही, म्हणून वाटही सपाट. लहान मूल नि सत्तरीतले आजोबा एकाच वेळी सायकल हाणू शकतात. पुढे ही वाट माकोंपर्यंत गेली. मध्ये रेल्वेचा १,६०० मीटर लांबीचा जुना बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण त्यात वटवाघळं झोपी जातात. सायकलवाल्यांनी त्या काळात डोंगराला वळसा घालून जायचं. ज्याची जागा त्याला ठेवून आपली वाट काढायची, ही दृष्टी मला फार आवडते.

दुसरी वाट कालव्याची. दक्षिण फ्रान्समधला मिदी कालवा १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. लांबी २४० किलोमीटर. बोटी ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, त्याच काठावरून आज सायकली जातात. तिसरी वाट नदीची. लुआर नदीच्या सोबतीनं थेट अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे सगळे मार्ग गुळगुळीत नाहीत. मिदी कालव्याच्या काठावर कितीतरी ठिकाणी नुसती माती आहे, झाडांच्या मुळ्या वर आलेल्या आहेत. लुआरचा मार्गही पूर्णपणे वाहनमुक्त नाही. मोठा भाग गावाकडच्या छोट्या रस्त्यांवरून जातो, जिथे तासाभरात एखादा ट्रॅक्टर भेटतो. फ्रान्समधल्या सायकलवाल्याच्या हातात नकाशा असतो, त्यावर मोठे रस्ते लाल, आणि अगदी लहान रस्ते पांढरे दाखवलेले असतात. तो पांढरे रस्ते निवडतो. थोडक्यात, तिथे जुनी रेल्वे, जुना कालवा नि जुने गावरस्ते एकमेकांना जोडले गेले, फाट्याफाट्यावर पाट्या लागल्या, आणि मोटार शिरू नये म्हणून वाटेच्या तोंडाशी खांब रोवले गेले.

आता आपल्याकडे पाहू. जुनी रेल्वे आपल्याकडे आहे. पुलगाव ते आर्वी ही अडीच फुटी रुळांची गाडी १९१७ साली सुरू झाली. ३५ किलोमीटरचा मार्ग, विरूळ, रोहणा या बाजूनं जाणारा. आपल्या वावरांतला कापूस तिनं वाहिला. पुढे ती बंद पडली. पण आर्वीकरांना त्यांची रेल्वे परत हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. म्हणून त्या मार्गावर सायकलीसाठी हक्क सांगावा, असं मी म्हणणार नाही. कालवेही आपल्याकडे आहेत. निम्न वर्धा प्रकल्पाच्या कालव्यांच्या कडेनं देखरेखीचे रस्ते जातात. पाटबंधारे खात्यानं मनावर घेतलं, तर त्यांचे काही तुकडे सायकलीला उपयोगी पडतील.

पण आपलं खरं धन आहे ते पांधणीत. पांधण म्हणजे काय, हे विदर्भातल्या श्रोत्यांना सांगायला नको. गावातून वावरात जाणारी, एका गावाच्या शिवेवरून दुसऱ्या गावाच्या शिवेला लागणारी बंडीची वाट. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात आपल्या गावाचा नकाशा एकदा उघडून पाहा. त्यात दुहेरी तुटक रेषा दिसतील. ते गाडीमार्ग. त्यांची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली आहे. एकेरी तुटक रेषा दिसतील. ते पायमार्ग, सव्वाआठ फुटांचे. फ्रान्सच्या नकाशातले ते पांढरे रस्ते, आणि आपल्या गावनकाशातल्या या तुटक रेषा, यांचं काम एकच.

पौष-माघात, सकाळी नऊच्या आत, अशा पांधणीनं सायकल काढावी. बंडीच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या, मध्ये वाळलेल्या गवताची पट्टी. उजवीकडची चाकोरी धरली तर सायकल सुखानं चालते. दोन्ही धुऱ्यांवर बाभळी, बोरी, मध्येच पळस. तूर भरात आलेली असते, शेंगा हँडलला घासतात. पऱ्हाटीत बाया ओटीत कापूस वेचत असतात. त्या मान वर करून विचारतात, "कुठं चालले जी?" मोठ्या रस्त्यावर हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, गोखरूचे आणि बाभळीचे काटे. पंक्चरचं सामान नि हवेचा पंप सोबत हवाच. दुसरी, पावसाळा. आपली काळी माती भिजली की चाकाला चिकटते, मडगार्डात भरते, आणि चाक जागीच अडतं. मग काडीनं चिखल उकरत बसावं लागतं. म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंत पांधणीला हात जोडावेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठपर्यंत घरी यावं. फ्रान्समध्ये पॉल द विव्ही नावाचे गृहस्थ होऊन गेले. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेलं मासिक सुरू केलं, आणि लांबच्या सायकलप्रवासाचा प्रसार आयुष्यभर केला. तहान लागायच्या आधी पाणी प्यावं आणि भूक लागायच्या आधी खावं, असा त्यांचा सांगावा होता. वर्ध्याच्या उन्हात तो अधिकच खरा.

मग अडतं कुठे? अडतं ते अतिक्रमणापाशी. दरसाल नांगरट होते, दरसाल नांगराचं एखादं तास पांधणीत सरकतं. इकडून एक हात, तिकडून एक हात. असं वर्षानुवर्षं चालतं, आणि एकवीस फुटांच्या गाडीमार्गावरून बंडीसुद्धा धड जात नाही. पुढे वाट बुजते, काटेरी झुडपं माजतात, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कज्जे सुरू होतात. याचा पहिला फटका शेतकऱ्यालाच बसतो. खत वावरात न्यायचं कसं, कापूस घरी आणायचा कसा? सायकलवाला त्याच्या मागून येतो. म्हणून मी म्हणतो, की शेतकऱ्याचा प्रश्न आणि सायकलवाल्याचा प्रश्न इथे वेगळा नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. वाट अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. बांधावरून रस्ता हवा असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम १४३ आहे. पैशाचीही सोय झालेली आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीची जोड देऊन. मात्र कोर्टकचेरीपेक्षा गावानं एकत्र बसून, मोजणी करून, दोन्ही धुरेवाल्यांच्या संमतीनं वाट मोकळी करावी, हे केव्हाही बरं. भांडून काढलेली वाट पुढच्या नांगरटीत पुन्हा बुजते.

काही जण म्हणतील, पांधण सुधारली की मोटारसायकली येतील, मग शांतता कुठली? म्हणून काम कसं करायचं, याला महत्त्व आहे. पांधणीला सिमेंट नको. खडीवर चांगला दाबलेला मुरूम टाकावा, दोन्ही बाजूंना नाली काढावी, ओढ्यावर पाईपमोरी घालावी. एवढ्यानं बंडी, ट्रॅक्टर, सायकल सगळं चालतं, आणि वेगाला आपोआप आळा बसतो. धुऱ्यावरची बाभूळ, बोर, पळस तोडू नये. सावली तीच देतात. आणि प्रत्येक फाट्यावर दगडाला चुना लावून पुढच्या गावाचं नाव नि अंतर लिहावं. खर्च नगण्य, उपयोग मोठा. नवखा माणूस पांधणीत शिरायला घाबरतो तो चिखलापेक्षा वाट चुकण्याला.

असं झालं तर काय साधेल? देवळीहून सेवाग्राम सरळ अंतरानं वीसेक किलोमीटरवर आहे. देशोदेशीची माणसं बापूंची कुटी पाहायला सेवाग्रामला येतात, तिथून पवनारला विनोबांच्या आश्रमात जातात, आणि गाडीत बसून परत निघतात. ज्या खेड्यांसाठी गांधीजी इथे येऊन राहिले, ती खेडी त्यांना दिसतच नाहीत. सेवाग्रामहून पांधणीपांधणीनं देवळीपर्यंत आणि पुढे पुलगावकडे सायकलीची वाट आखली, तर ती माणसं खेड्यांतून जातील. कुणाच्या ओसरीवर झुणका-भाकर खातील, पैसे देतील. दुसऱ्या दिवशी पुलगावला रेल्वे पकडतील. आणि पाहुणा वर्षातून दोनदा येवो न येवो, आपली मुलगी रोज त्याच वाटेनं शाळेत जाईल.

श्रोतेहो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. या चार दिवशी गावागावांत ग्रामसभा भरते. पुढच्या ग्रामसभेला जाताना गावनकाशाची एक प्रत सोबत न्या. शेजारच्या गावाला आणि शाळेला जोडणारी एक पांधण त्यात निवडा, आणि ती मोजून मोकळी करण्याचा ठराव मांडा. सगळ्या नकोत, एकच. प्रत्येक गावानं आपली एक पांधण मोकळी केली, तर गाव गावाला जोडलं जाईल आणि देवळी तालुक्यात सायकलीची वाट तयार होईल. तेवढं काम आपल्या हातचं आहे. ते आपण करावं, ही माझी तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती.