गर्दी कुठं पैदा होते?

पहाटे विरार-कर्जतहून लोकलला लोंबकळत येणारा माणूस हौसेनं एवढ्या लांब गेला नाही. 1991 च्या मुंबईच्या विकास नियमावलीत कलम 58 होतं. गिरणीची जमीन विकसायची, तर ढोबळमानानं तिसरा हिस्सा महापालिकेला, तिसरा म्हाडाच्या घरांना, उरलेला मालकाला. 2001 साली सरकारनं शब्द फिरवला : वाटणी फक्त मोकळ्या जागेची! शेडखालची जमीन मालकाच्या घशात. 2006 ला सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. परळला टॉवर चढले. टॉवर झाडणारी बाई बदलापूरहून गाडी धरते.

गाड्या वाढवा म्हणून ओरडू, जरूर ओरडू. पण ही गर्दी पैदा झाली नियमाच्या एका शब्दातून. तो शब्द कुणासाठी फिरवला, ते आधी विचारा.