धूर, धूळ आणि कामाची वाटणी



आम्ही वैद्यक रुग्णाला प्रथम वय विचारतो. कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो, तो नेमका कोणत्या खात्यात काम करतो हा. पिट्सबर्ग परिसरातील पोलाद कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा सर्वांच्या सरासरीत विशेष भयावह असे काही दिसले नाही. 1971 साली विल्यम लॉईड यांनी कोक कारखान्यातील कामगारांचा कामाच्या जागेनुसार हिशेब मांडला आणि चित्र पालटले. कोळशापासून कोक करणाऱ्या भट्ट्यांच्या माथ्यावर पाच वा अधिक वर्षे राबलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे दसपट आढळले. त्या माथ्यावर प्रामुख्याने कृष्णवर्णीय कामगार नेमलेले असत. त्यांच्या आजाराचे कारण वंशात शोधण्याची गरज उरली नाही.

आपणांस ही वाटणी अपरिचित नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे पुढे मांडला होता.

कोकभट्ट्यांसाठी अमेरिकन शासनाने 1976 साली नियम केला. आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत 150 मायक्रोग्रॅम ही उत्सर्जनाची मर्यादा ठरली. आमच्या मते आकड्याहून त्यातील क्रम मोलाचा आहे. आधी गळणारी दारे दुरुस्त करावयाची, भट्टीतील दाब आवरावयाचा, चालकाला गाळलेल्या हवेची बंद खोली द्यावयाची. एवढे करूनही धूर उरला तर मुखवटा.

देखभालीच्या दिवसांत नेमका हाच क्रम मोडतो. एरवी झाकणांखाली व नळ्यांत कोंडलेला वायू तेव्हा मोकळा होतो आणि माणूस त्याच्या अगदी जवळ जातो. क्लेअरटन येथील कोक कारखान्यात 11 ऑगस्ट 2025 रोजी नियोजित देखभालीची पूर्वतयारी चालू असता स्फोट होऊन दोन कामगार मृत्युमुखी पडले. त्यातही कोकभट्टी थंड होऊ देता येत नाही. तिच्या सिलिकाच्या विटा तडकतात. म्हणून दुरुस्ती तापल्या भट्टीशीच करावी लागते आणि धूर, विटांची धूळ व उष्णता ही तिन्ही एकाच छातीवर येतात. अशा वेळी मुखवट्यातून श्वास घेणे जड जाते, माणूस तो खाली ओढतो, आणि मग बेशिस्तीचा ठपका त्याच्यावरच येतो!

उपाय साधे आहेत. विटा कापताना पाण्याची धार, तोडताना हत्याराशीच जोडलेली शोषनळी. कोरडा झाडू व दाबाच्या हवेचा फवारा यांना शक्य तेथे पूर्ण फाटा द्यावा. 2016 च्या नियमाने सिलिकाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमवर आणली, ती अशा झाडूने क्षणात ओलांडली जाते. उष्णतेची सवय व्हावयास दिवस लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक काळ उष्णतेत ठेवू नये व पुढे रोज तेवढीच वाढ करावी, अशी येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. दुरुस्तीला येणारा ठेकेदाराचा कामगार मात्र बहुधा पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भरतो.

या सभेत शटडाऊनची वेळापत्रके आखणारे काही अभियंते आहेत. त्यांत सवयीचे हे दिवस धरले आहेत काय, आणि काम संपवून परगावी गेलेल्या त्या कामगाराची छाती पुढील वर्षी कोण तपासणार, एवढे त्यांनी आधीच लिहून घ्यावे.