‘फारबिक’चे आजोबा



युरोपीय चित्रपट म्हटला की आपल्या तोंडी चार ठरलेली नावे येतात. आज आम्ही त्यांबाहेरचे एक घेतो: ‘फारबिक’, साल १९४६. फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यात जॉर्ज रूकिए यांच्या नातलगांची शेतीवाडी होती. वर्षभराच्या ऋतूंतून त्यांनी ती टिपली. धंदेवाईक नट नाहीत. पाव घरीच भाजायचा, नांगराला बैल जुंपायचे, आणि घर वाढवावे का, वीज घ्यावी का, याचा खल करीत बसायचे. कथानक म्हणाल तर एवढेच.

पण शेवटी आजोबा वारतात, आणि इथेच आमची पंचाईत झाली. ते मरण खरे नव्हे, वठवलेले! मग हा अनुबोधपट कसला, नाटकच की! आमचे मन प्रथम विटलेच. पुढे वाटू लागले, म्हाताऱ्याने आपलेच मरण आपल्याच माणसांत करून दाखवावे, त्याला खोटे तरी कसे म्हणावे?

१९८३ साली रूकिए त्याच कुटुंबाकडे परतले आणि ‘बिकफार’ केला. बैल जाऊन ट्रॅक्टर आले होते, तरणी माणसे म्हातारी झाली होती. दोन्ही ओळीने पाहावेत. संध्याकाळ एकच मोकळी असेल, तर मात्र पहिला.