जीपचा कार्बोरेटर : दुरुस्त करावा की बदलावा?



काव्य, राजकारण, अध्यात्म अशा मोठ्या विषयांवर जेथे व्याख्याने होतात, तेथे आम्ही एका मूठभर यंत्राची कथा सांगावयास उभे आहोत. पण ज्या चुकीविषयी आम्हांस बोलावयाचे आहे ती केवळ यंत्राच्या बाबतीतच होते असे नाही, म्हणून हे धाडस केले आहे.

प्रथम गाडीविषयी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. चारही चाकांना जोर पोचत असल्याने चिखल, वाळू, नदीनाले हे तिला सारखेच. १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढे धरणांच्या कामांपासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत ही गाडी सर्वत्र दिसू लागली. तशीच एक जुनी जीप आम्ही हौसेने बाळगली आहे. इंजिन चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे, त्यावर कार्टर कंपनीचा कार्बोरेटर.

कार्बोरेटर करतो तरी काय? एक लिटर पेट्रोल नीट जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा. हा हिशेब चढावर, उतारावर, थंडीत, उन्हात क्षणोक्षणी जमविणे हे त्याचे काम. युक्ती आपल्या परिचयाची आहे. ढेकणांवर औषध मारण्याचा हातपंप आठवा. नळीच्या तोंडावरून हवा वेगाने गेली की खालच्या डब्यातील औषध वर चढते व त्याचे तुषार उडतात. कार्बोरेटरच्या मध्यावर नळीचा गळा असाच आवळलेला असतो. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि बाजूच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून बाहेर येते. गळा आवळला की दाब उतरतो, ही गोष्ट इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्या गळ्याला आजही त्याचेच नाव आहे.

वाटीतील पेट्रोलची पातळी मात्र स्थिर राहिली पाहिजे. त्यासाठी आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा असतो. वाटी भरली की गोळा वर येतो आणि एक टोकदार सुई पेट्रोलची वाट बंद करतो. आमची सारी कथा या सुईच्या टोकाशी आहे.

आमची जीप काळा धूर सोडू लागली, पेट्रोल अधिक खाऊ लागली. ज्याने त्याने सांगितले, "जुना कार्बोरेटर फेका, नवा बसवा." आम्ही बाजारातून नवा आणला. पंधरा दिवस गाडी सुरेख चालली आणि आम्ही आपल्या शहाणपणावर खूश झालो. पुढे एके दिवशी घरची मंडळी घेऊन खंबाटकीचा घाट चढत असता पेट्रोलचा उग्र वास आला. गाडी बंद करून बॉनेट उघडतो तो काय, कार्बोरेटर भरून वाहत होता आणि थेंब खालच्या तापलेल्या धुराड्याच्या नळीशेजारी पडत होते. मुले मागच्या बाकावर बसली होती! त्यांना उतरवून दूर नेईपर्यंत आमचे हातपाय थरथरत होते. सुदैवाने आग लागली नाही.

गाडी ओढून आणल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी नव्या कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी तांबूस गाळ होता. सुईच्या बैठकीत गंजाचा एक कण अडकला होता, म्हणून वाट बंद होत नव्हती. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, जुना आणा बघू." जुन्याच्या वाटीतही तोच गाळ! मग टाकी उतरविली. आतून ती गंजाने पोखरली होती. "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी" म्हणतात, तसा आमचा प्रकार. दुखणे टाकीत आणि खर्च कार्बोरेटरवर.

टाकी साफ करून, मध्ये गाळणी बसवून, आम्ही जुनाच कार्बोरेटर खोलला. मिस्त्रींनी जे शिकविले ते थोडक्यात सांगतो. काम उघड्यावर करावे, जवळ विडी-काडी नको. पितळी गोळा कानाशी हलवून पाहावा. आत खळखळले तर त्यात पेट्रोल शिरले आहे. गरम पाण्यात बुडविला की बुडबुडे येतात तेथे भोक. मात्र आतील पेट्रोल पूर्ण काढून वाळविल्याखेरीज त्यास डाग देऊ नये, नाहीतर स्फोट होईल. जेटची छिद्रे तारेने टोकरू नयेत. पितळ मऊ, छिद्र मोठे झाले की हिशेब कायमचा बिघडला. द्रावणात भिजवून हवेचा झोत मारावा. सुई आणि तिची बैठक दोन्ही एकदम बदलावीत, गॅस्केटे नवी घालावीत. अॅक्सिलरेटर दाबताच जास्तीचा घोट देणाऱ्या छोट्या पंपाचे कातडे वाळले असल्यास बदलावे. गोळ्याची उंची पुस्तिकेप्रमाणे, आमच्या कार्बोरेटरला ३/८ इंच, अशी मोजून बसवावी. अंदाजाने नव्हे. शेवटी इंजिन गरम झाल्यावर मंद चालीचा स्क्रू लावावा.

मग नवा कधीच घेऊ नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. अंगास तडा गेला असेल, काचेवर ठेवून पाहता बैठक वाकडी झाली असेल, किंवा थ्रॉटलचा दांडा आपल्या भोकात खुळखुळत असून तेथून हवा शिरत असेल आणि नवी बुश बसविणारा कारागीर मिळत नसेल, तर बदलणेच शहाणपणाचे. पण हा निर्णय तपासणीनंतर घ्यावयाचा. आम्ही तो तपासणीऐवजी घेतला, हा आमचा दोष.

आज या तपासणीस आणखी एक कारण झाले आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातील बरेचसे आपल्याच उसाचे. इथेनॉल ओलावा ओढते आणि जुन्या रबरास मानवत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केटे वेळोवेळी पाहावीत, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या वाटीने उभी ठेवू नये.

१ एप्रिल २०२० पासून नवी प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला. मोटारींतून तो त्यापूर्वीच गेला होता. हे योग्यच झाले. हवा सर्वांची आहे. पण जुनी यंत्रे अजून चालत आहेत आणि ती उघडून पाहणारे हात कमी होत आहेत. त्या मिस्त्रींच्या हाताखाली आज एकही पोर नाही. "शिकायला कोण येतो, मास्तर? सगळ्यांना नवा भाग बसवायचा असतो," असे ते म्हणाले, तेव्हा आम्हांस मान वर करवेना, कारण नवा भाग आणणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता दर रविवारी आमचा मुलगा त्यांच्याकडे जातो. परवा त्याने शेजाऱ्यांच्या स्कूटरचा कार्बोरेटर उघडला. पण त्याआधी, कोणी न सांगता, टाकीत डोकावून पाहिले. आमच्या व्याख्यानाचे सार त्याने आम्हांपेक्षा थोडक्यात सांगितले आहे.