मार्गिका कुणाची, हरकती कुणाच्या?

पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली. रस्त्यावरील जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यावी, हे तत्त्व केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने त्याच वर्षी मान्य केले होते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा दुर्मिळ साधनाच्या वाटपाचा प्रश्न आहे. आणि वाटप म्हटले की ते कुणाला विचारून, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे विचारतात कसे? वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत जाहीर सूचना येते, हरकती लेखी मागवल्या जातात, सुनावणी कचेरीच्या वेळेत होते. मोटारमालक वकील धाडतो. व्यापारी दुकानापुढच्या वाहनतळासाठी निवेदन देतात. पहाटेच्या बसने निघालेली मोलकरीण त्या वेळी तिसऱ्या घरचे धुणे उरकत असते. तिचे म्हणणे कागदावर येत नाही, म्हणून ते नाहीच असे धरले जाते. पन्नास उतारूंची बस आणि एकट्या मालकाची मोटार या हिशेबात सारखीच. (हा भागाकार चौथीतला आहे, त्याला माझी पदवी लागत नाही.)

नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग २०२३ मध्ये उखडला गेला. मार्गिकांच्या रचनेत दोष होते, हे मी नाकारत नाही. परंतु दोष मोजताना फक्त मोटारींचीच खोळंबलेली मिनिटे मोजायची काय?

यापुढे असा प्रस्ताव आला की कार्यकर्त्यांनी कोरे कागद घेऊन सकाळी सहाला थांब्यावर जावे. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवून अंगठा घ्यावा. सुनावणी संध्याकाळी ठेवा, अशी पहिली हरकत आपलीच असावी. दुकानदारांनाही भेटा, त्यांची कितीतरी गिऱ्हाइके बसनेच येतात.