वाळूतले खिळे

वादळ शमल्यावर समुद्रकिनाऱ्यावर फिरावयास जाण्यात निराळीच मौज असते. लाटांनी वाळू ओरबाडून नेलेली असते आणि एरवी हातभर खोल दडलेल्या वस्तू उघड्या पडतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, सेबॅस्टियन गावाजवळ, अशा वेळी ओबडधोबड स्पॅनिश नाणी सापडत. चांदी इतकी काळवंडलेली, की नवखा मनुष्य ती खडे समजून तुडवीत जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅग्नर नावाच्या एका घरबांधणी करणाऱ्या गृहस्थास ही नाणी जमविण्याचा छंद जडला. जमविता जमविता त्याच्या ध्यानात आले, की सन वाचता येईल असे एकही नाणे १७१५ नंतरचे नाही. श्रोतेहो, माझ्या मते खरा शोध तो हाच. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस हव्हानाहून स्पेनकडे निघालेला खजिन्याचा ताफा चक्रीवादळात सापडला आणि १२ जहाजांपैकी ११ याच किनाऱ्यावर फुटली.

वॅग्नरने मग सैन्याने मोडीत काढलेले एक सुरुंगशोधक यंत्र विकत घेतले. १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात जीव वाचविणारी ही विद्या आता खजिन्याच्या मागे लागली! तारेच्या वेटोळ्यात विजेचा उलटसुलट प्रवाह खेळतो, त्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आली की कानाशी सूर पालटतो. यंत्र मोठे भोळे. रुपे काय नि बाटलीचे टोपण काय, त्यास सारखेच. खाऱ्या ओल्या वाळूवर तर ते उगाचच कुरकुरते.

वाळूच्या टेकाडांमागे ते एकदा गुणगुणले. खणल्यावर निघाला जहाजाचा खिळा, मग तोफेचा गोळा. केवळ चांदीचा लोभ असता, तर गंजका खिळा फेकून देऊन वॅग्नर पुढे गेला असता. तो तेथेच थांबला. वादळातून वाचलेल्यांनी जेथे आसरा घेतला, आणि बुडालेली चांदी वर काढण्यासाठी स्पॅनिशांनी जेथे पाणबुडे आणून तळ ठोकला, ती ही जागा होती. उचलून खिशात टाकलेले नाणे फार तर आपले साल सांगते. त्या वाळूवर माणसे राहिली होती, हे जागच्या जागी सापडलेल्या खिळ्याने सांगितले.

पुढे समुद्रातून सोनेही निघाले, आणि त्याची कीर्ती सर्वत्र झाली. तळाच्या जागी एक संग्रहालय उभे राहिले. त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावर अजूनही वादळानंतरच्या सकाळी माणसे कानाला यंत्रे लावून, मान खाली घालून चालताना दिसतात.