पाणवठा, पंगत आणि विषमतेचे शास्त्र



विषमतेचा विषय निघाला की आपले लक्ष साहजिकच जमिनीचे उतारे, पगाराचे आकडे आणि कायद्याची कलमे यांकडे वळते, आणि या गोष्टींचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु माणसामाणसांतील उच्चनीचता ज्या बळावर पिढ्यानपिढ्या तग धरून राहते, त्या बळाची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडत नाही. पाणवठ्यावर, ओसरीवर, पंगतीत आणि सोयरिकीत, म्हणजे ज्याला आपण ‘हे रोजचेच’ म्हणून सोडून देतो त्या व्यवहारात, त्याचे ठाणे असते. आणि तेथे जाऊन त्याचा शोध घेणे हेच समाजशास्त्राचे मुख्य कार्य होय, असे माझे प्रतिपादन आहे. त्यासाठी मी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याची हकीकत घेतो.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. हुकूम झाला, ठराव झाला. तथापि पुढची तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत पडले नाही. आसपासच्या खेड्यांतून बाजारासाठी, किंवा गावकामगार या नात्याने सरकारी लखोटे आणि वसूल पोहोचविण्यासाठी, महाडला पायपीट करीत येणारा महार तहानेने व्याकुळ झाला, तरी भर वस्तीतले तळे ओलांडून त्याला अस्पृश्यवस्तीतील विहिरीचा रस्ता धरावा लागे. मुसलमान नागरिकांना त्या तळ्याची मनाई नव्हती, गुरांनाही नव्हती. मनाई होती ती फक्त त्यालाच.

ही मनाई अमलात आणीत कोण होते? तळ्यावर शिपायाचा पहारा नव्हता, आणि कायदा तर उलट बाजूने बोलत होता. परंतु पाण्यात हात घालू पाहणाऱ्याला पक्के ठाऊक होते की, उद्या वाणी आपल्याला माल देणार नाही, खोत कसायला जमीन देणार नाही, बलुत्याचे दाणे बंद होतील आणि मजुरीला कोणी बोलावणार नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, सामाजिक रूढी व्यक्तीच्या बाहेर राहून तिच्यावर सक्ती करते, पण जोवर माणूस तिच्या प्रवाहाबरोबर चालतो तोवर त्याला त्या सक्तीची जाणीवही होत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले, त्या दिवशी ही सक्ती उघडी पडली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या, आणि पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. लाठी उचलणारे आणि घागरी वाहणारे हात नित्याचा प्रपंच करणाऱ्या सामान्य गृहस्थांचे होते. आणि आपण अन्याय करीत आहोत असे न वाटता, धर्मच राखीत आहोत असे त्यांना मनोमन वाटत होते, ही गोष्ट अभ्यासकाने विशेष ध्यानात घेतली पाहिजे.

याहून कठीण प्रश्न असा की, जे स्वतः कोणाच्या तरी पायरीखाली उभे होते, तेही या व्यवस्थेचे राखणदार का झाले? याचे उत्तर बाबासाहेबांनी क्रमिक विषमतेच्या विवेचनात दिले आहे. पायऱ्या अनेक असल्या म्हणजे प्रत्येकाला अपमान करणारा वर असतो आणि अपमान करायला कोणीतरी खालीही असतो; त्यामुळे सर्वांचे गाऱ्हाणे कधी एक होत नाही. या पायऱ्या शाबूत कशा राहतात, याचा उलगडा त्यांनी त्याआधीच, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात केला होता: जातीतल्या जातीतच विवाह हे जातिसंस्थेचे मर्म असून, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही ते बंधन राखण्याची साधने होत. म्हणजे तळ्यावरच्या बंदीची मुळे शेवटी आपल्या माजघरात, मुलीसाठी स्थळ पाहताना होणाऱ्या बोलाचालीत जाऊन पोहोचतात.

तळ्याच्या पाण्यावरील हक्काचा वाद पुढे न्यायालयात गेला आणि तो दावा दहा वर्षे चालला. ‘अनादिकालाची वहिवाट’ हा अस्पृश्यांना मनाई करणाऱ्या पक्षाचा मुख्य आधार होता. परंतु ती वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. जे सनातन म्हणून आपण डोक्यावर घेतो, ते पुराव्याच्या कसोटीला लावून पाहावे, हा धडा समाजशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या निकालातून घ्यावा.

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले आणि १९५५ साली तिचे आचरण दंडनीय ठरले. तथापि कायदा विहिरीपर्यंत पोहोचतो; घरातल्या वेगळ्या कपबशीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. म्हणून आपणा सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे: घरी गेल्यावर ‘आमच्याकडे भेदभाव आहे काय?’ असा ठोकळ प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. घरी राबणाऱ्या बाईला चहा कशातून मिळतो, गावजेवणात कोणाची पंगत शेवटी बसते, मुलीच्या स्थळांची यादी करताना कोणती घरे आधीच वगळली जातात, हे पाहा आणि लिहून काढा. त्या टिपणात आपले स्वतःचे नाव जेथे येईल, तेथून सुधारणेला आरंभ करा.